आडनाईकांचं रक्त

“त्याला सांग, डोक्याला रुमाल गुंडाळून हितं हुबं ऱ्हाऊ नको म्हणावं. ह्यो दवाखाना हाय, तमाशाची कनात न्हवं.”

अण्णा काचेपलीकडून फोनमध्ये ओरडले. ज्याला सांगायचं तो माझा थोरला भाऊ उदाजी त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभा होता. अण्णांचं बोलून झाल्यावर त्यानं रिसीव्हर त्यांच्याकडून अलगद घेतला आणि म्हणाला, “अण्णास्नी सांग, रुमाल न्हाई, टोपी हाय. नर्सबाईनं दिलीया. त्येंच्या डोक्यावर पण तसलीच हाय.”

मग रिसीव्हर पुन्हा अण्णांकडे गेला आणि ती दवाखान्याची टोपी आहे, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी स्वतःच्या डोक्याला हात लावून खात्री केली. काचेच्या आत मी एकटी होते, बाहेर ते दोघे होते आणि मध्ये एकच फोन. त्यातून अण्णांचे दोन्ही कान कुस्तीत मोडून गोळा झालेले, त्यामुळे रिसीव्हर कानाला नीट बसायचा नाही. ते तो तोंडासमोर धरून आधी बोलायचे, मग कानाशी नेऊन माझं उत्तर शोधायचे.

आमच्या घरात गेली दहाएक वर्षं असंच चालत आलं होतं. अण्णा म्हणजे रंगराव आडनाईक. मुरगूडच्या अलीकडे आमचं गाव, आणि त्या गावच्या तालमीचे ते वस्ताद. आई आम्ही लहान असतानाच गेली. आम्हाला अण्णांनी वाढवलं आणि अण्णांना तालमीनं सांभाळलं. ताक, तेल, हळद आणि लिंबू घालून मळलेल्या तांबड्या मातीत माणूस रोज लोळला की त्याच्या अंगात वाईट काही राहूच शकत नाही, यावर त्यांचा देवापेक्षा जास्त विश्वास. उदाजीला त्यांनी चालता येऊ लागल्यापासून त्या मातीत उतरवलं होतं. अंगानं तो चांगलाच भरला, डावही शिकला, पण त्याचं मन हलगीवर असायचं. कुस्तीच्या फडात जी हलगी वाजते ना, तीच. हा समोरच्या पैलवानाकडे बघायचा सोडून हलगीवाल्याच्या बोटांकडे बघत राहायचा आणि चीतपट व्हायचा. शेवटी एका जत्रेत, नाव पुकारलेलं असताना, हा जागेवर नव्हताच. शेजारच्या गावात उतरलेल्या तमाशाच्या फडाबरोबर तो ढोलकी वाजवायला निघून गेला होता. अण्णांनी सगळ्या तालमीसमोर सांगितलं, “त्यो माझ्या रक्ताचा न्हवंच.” तेव्हापासून बापलेकात शब्द नाही.

गंमत अशी, की अबोला होता पण भांडण नव्हतं. फड सुट्टीवर असला की उदाजी घरीच यायचा. एकाच पंगतीला बसून जेवायचे. मीठ हवं असेल तर अण्णा मला म्हणायचे, त्याला सांग मीठ दे. माझ्या लग्नात मांडव कुठे घालायचा हेही दोघांनी माझ्यातर्फेच ठरवलं. नवरी मी आणि निरोप्याही मीच. पुढे मी इस्लामपूरला नांदायला गेले, तिथल्या हायस्कुलात भूगोल शिकवायला लागले, तरी ही नोकरी काही सुटली नाही. एकाचा फोन आला की दुसऱ्याला लावायचा.

मग मला रक्ताचा कर्करोग झाला आणि निरोप द्यायचे विषयच बदलले. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात औषधांचे फेरे झाले, आजार मागे हटला आणि पुन्हा आला. डॉ. तांबोळी म्हणून आमच्या डॉक्टर होत्या, बोलायला मोजक्या आणि कामाला वाघीण. त्यांनी सांगितलं, की आता एकच रस्ता उरला आहे. माझं सगळं रक्त तयार करणारा कारखाना औषधानं बंद पाडायचा आणि दुसऱ्याच्या मूळपेशी घालून नवा सुरू करायचा. त्या पेशी सख्ख्या भावाच्या जुळल्या तर उत्तम. उदाजीच्या तंतोतंत जुळल्या.  दुसऱ्या दिवशी अण्णा म्हणाले, “त्याला सांग, बदाम खा म्हणावं. सालं काढून.”

उदाजीनं फड सोडून पुणं गाठलं. त्याला रोज इंजेक्शनं दिली, हाडं ठणकली, मग यंत्राला जोडून बसवलं. त्याच्या पेशी पिशवीतून माझ्या अंगात आल्या तेव्हा मला वाटलं होतं काहीतरी मोठं जाणवेल. काही नाही. तोंडाला उकडलेल्या मक्यासारखा वास आला आणि झोप लागली.

पुढचे दिवस मी काचेच्या खोलीत काढले. अंगात लढणारी एकही पांढरी पेशी नव्हती. साधी शिंक मला घेऊन गेली असती. मग एके सकाळी नर्स हसत आली आणि म्हणाली, “ताई, पेशी दिसायला लागल्या.” भावाचा कारखाना सुरू झाला होता. माझा नवरा नंदकुमार एरवी लग्नाच्या वाढदिवसालाही पेढे आणत नाही, त्यानं त्या दिवशी अख्ख्या मजल्याला वाटले.

पण आठवडा उलटायच्या आत मला ताप आला, अंगावर पुरळ उठलं, आणि रक्ताच्या तपासणीत एक विषाणू सापडला. थोडाथोडका नाही, लाखांच्या घरात. डॉ. तांबोळींनी समजावून सांगितलं. हर्पिस नावाचं विषाणूंचं मोठं कुळ आहे. कांजिण्या आणणारा त्यातलाच, नागीण उठवणाराही तोच. हा त्या कुळातला सहावा. जवळजवळ प्रत्येक मुलाला तो लहानपणी येऊन जातो, चार दिवस ताप देतो आणि मग जन्मभर अंगात निजून राहतो. पण माझ्यासारख्या रिकाम्या झालेल्या अंगात तो उठला तर मेंदूपर्यंत जातो. म्हणून त्यांनी लगेच औषध सुरू केलं. त्या औषधाची एक खोड होती. विषाणू मारता मारता ते नव्या पेशीही मारायचं.

आणि तसंच झालं. पेढे वाटलेल्या पेशी पुन्हा उतरायला लागल्या. रोज सकाळी आकडा कमी. विषाणूही उतरत होता, म्हणून औषध चालतंय असं सगळ्यांना वाटत होतं. मग पेशी फारच खाली गेल्या म्हणून दोन दिवस औषध थांबवलं, तर पेशी वर आल्या आणि त्यांच्यापाठोपाठ विषाणूही वर आला. पुन्हा औषध. डॉक्टरांचा चेहरा मास्कमागे असायचा, पण त्यांच्या कपाळावरून मला कळायचं. मी मरणार की काय, हा प्रश्न कोणी विचारत नव्हतं. सगळे मला काय खावंसं वाटतं ते विचारत होते.

इकडे अण्णांनी गावातल्या औषधाच्या दुकानदाराला फोन करून हर्पिस म्हणजे काय ते विचारलं. त्यानं जे ठाऊक होतं ते सांगितलं, की हा बाहेरख्याली माणसांना होणारा रोग. डॉक्टरांनी तीन वेळा सांगितलं, की तो निराळा आणि हा निराळा, हा तर तान्ह्या पोरांना होतो. पण अण्णांच्या मनात एकदा गाठ बसली की बसली. मुलगा तमाशात, तमाशात रोग, रोग त्याच्या पेशींतून मुलीत. हिशेब जुळला. त्यांनी उदाजीचं रक्त तपासायला लावलं आणि दुर्दैवानं त्यात तोच विषाणू लाखांनी निघाला. डॉक्टर चक्रावल्या, कारण उदाजीला ना ताप, ना खोकला. अण्णा अजिबात चक्रावले नाहीत.

त्या दिवशी ते दोघे काचेशी उभे होते ते याच्यापुढच्या प्रश्नासाठी. औषधानं पेशी मरत राहिल्या तर उदाजीकडून पुन्हा पेशी घ्याव्या लागतील, असं डॉ. तांबोळींनी सांगितलं होतं. टोपीवरचा वाद संपल्यावर अण्णा मुद्द्यावर आले.

“पद्मा, त्येचं पुन्हा घ्यायचं न्हाई. एकदा घिऊन बगितलं. जे आलं ते दिसलं.”

“मग कुणाचं घ्यायचं, अण्णा?”

“माझं.”

मला हसू आलं, पण तोंडभर फोड होते, हसता येत नव्हतं. अण्णांचं वय तेव्हा सदुसष्ट. मी म्हटलं, तुमच्या पेशी माझ्याशी अर्ध्याच जुळतात. ते म्हणाले, “अर्ध्या असूंदेत, पण चोख हाईत. सुपारीचं खांड खाल्लं न्हाई मी जल्मात. लंगोटाचा पक्का माणूस. माझ्यात काय घाण निगत आसंल तर तालमीला कुलूप घालतो.”

उदाजीला पलीकडे सगळं ऐकू जात होतं. अण्णांचा आवाज काचेतूनही आत यायचा, त्याला फोनची गरजच नव्हती. त्यानं रिसीव्हर घेतला तेव्हा मला वाटलं आता तरी काही बोलेल. गेली कित्येक वर्षं मी त्याच्या वतीनं अण्णांवर चिडत आले होते, आणि तो मात्र कधी चिडायचा नाही. तो एवढंच म्हणाला, “पद्मे, अण्णास्नी काय सांगू नको. मला एक सांग. खरंच माझ्यामुळं झालं आसंल व्हय गं? मी तसला न्हाई. तुला तर ठावं हाय.”

“नाही रे दादा,” मी म्हणाले. त्याला पटलं नाही, ते मला दिसलं. त्यानं रिसीव्हर खुंटीला लावला आणि जिन्याकडे निघून गेला. तो जाताना आपली दोन्ही हातांची बोटं बघत होता, जणू तिथं काही लागलं होतं. त्या दिवशी मला माझ्या आजाराचा आला नव्हता एवढा राग अण्णांचा आला.

अण्णा डॉक्टरांच्या मागेच लागले. दवाखान्याच्या मागच्या अंगणात ते पहाटे बैठका मारायला लागले आणि रखवालदारांची दोन पोरं त्यांची शागीर्द झाली. शेवटी डॉ. तांबोळी कबूल झाल्या. अण्णांना गप्प करायला नव्हे, उदाजीच्या पेशी दुसऱ्यांदाही टिकल्या नाहीत तर त्यांच्या हाताशी खरोखरच दुसरा मार्ग नव्हता. वय जास्त असलं तरी बाप हा शेवटचा उपाय म्हणून तयार असावा, असं त्या मला म्हणाल्या. अण्णांचं रक्त तपासायला गेलं. बाटली भरताना त्यांनी नर्सला सांगितलं म्हणे, की जरा जास्त घ्या, दुसऱ्या कुणाला लागलं तर द्या.

त्यानंतर दोन दिवसांनी डॉ. तांबोळी माझ्या खोलीत आल्या आणि स्टुलावर बसल्या. त्या कधी बसत नसत. उभ्या उभ्या तपासायचं आणि जायचं अशी त्यांची रीत होती. त्या बसल्या म्हणजे आता मला सांगणार, असं वाटून मी पांघरुणाखाली मुठी आवळल्या.

“तुमच्या वडिलांच्या रक्तातही तो आहे,” त्या म्हणाल्या. “लाखांनी.”

 मला पहिला विचार आला तो तालमीच्या कुलपाचा.

“घाबरू नका. मला वाटतं ही चांगली बातमी आहे. मी रात्रभर याच्यावर वाचत होते आणि माझ्या जुन्या सरांशी बोलले. ऐका नीट. तुमच्या भावाच्या रक्तात जितक्या पेशी, तितकेच विषाणू. एका पेशीमागे एक. तुमच्या वडिलांचंही तसंच, एका पेशीमागे एक. कमी नाही, जास्त नाही. आजार असा शिस्तीत वागत नाही, पद्माताई.”

“मग काय आहे हे?”

त्यांनी मला जे सांगितलं ते मी पुढे अनेकांना सांगितलं आहे, त्यामुळे माझ्याच शब्दांत सांगते. आपल्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रं असतात, आईबापाकडून आलेली. नाडीच्या टोकाचा धागा उसवू नये म्हणून जशी गाठ मारतात, तसं त्या प्रत्येक गुणसूत्राच्या टोकाला एक राखणीचा तुकडा असतो. हा त्या कुळातला सहावा विषाणू कधीकधी त्या टोकातच स्वतःला विणून घेतो. एरवी तो एखाद्या पेशीत घुसतो आणि ती पेशी मरते, प्रश्न मिटतो. पण फार पूर्वी कुणा एका पूर्वजाच्या बाबतीत तो ज्या पेशीपासून मूल होतं तिच्याच आत विणला गेला. त्या मुलाच्या डोळ्यांत, नखांत, रक्तात, सगळीकडे तो जन्मापासून. मग त्याच्या मुलांपैकी निम्म्यांना, त्यांच्या मुलांपैकी निम्म्यांना. कुणाकडून कुणाला लागण झालेली नसते. घारे डोळे उतरावेत तसा तो उतरतो. शंभरात एखाद्या माणसात असा असतो, आणि बहुतेकांना मरेपर्यंत पत्ता लागत नाही.

“अण्णांकडून दादाला आला?”

“हो. तुम्हाला आला नाही. तुमचं जुनं रक्त आमच्याकडे ठेवलेलं आहे, त्यात काही नाही. तुमच्या अंगात तो भावाच्या पेशींबरोबर आला, त्यांचाच एक भाग म्हणून. म्हणून पेशी वाढल्या की तो वाढायचा.” त्यांना पुढचं बोलणं जड जात होतं. “औषधानं तो मरतोय असं मला वाटत होतं. तो मरत नव्हता. तुमच्या पेशी मरत होत्या, आणि त्यांच्याबरोबर आकडा खाली येत होता.”

“आणि ताप? पुरळ?”

“तो नव्या पेशींचा तुमच्या शरीराशी झालेला किरकोळ झगडा असावा. तो तर आता ओसरलाच आहे.”

पक्की खात्री करायला एकच उपाय होता. केसांची मुळं तपासायची. निजलेला विषाणू असला तर केसाच्या प्रत्येक मुळाशी एका पेशीमागे एक असा मिळणार नाही. जन्माचा असला तर मिळेल. माझ्या डोक्यावर तर केस उरलेलेच नव्हते, म्हणून माझं नख कापून घेतलं. उदाजीचे केस तमाशातल्या माणसाला शोभतील असे मानेपर्यंत. त्यानं मूठभर उपटून दिले. अण्णांचं डोकं कायम तासलेलं, म्हणून नर्स चिमटा घेऊन मिशीकडे वळली. आडनाईक वस्तादांच्या मिशीला हात लावणारा माणूस पंचक्रोशीत जन्माला आला नव्हता. त्यांनी नर्सला थांबवलं, चिमटा बाजूला सारला आणि बोटांनी स्वतःच पाचसहा केस मुळासकट ओढून तिच्या हातावर ठेवले. डोळ्यांत पाणी आलं, पण ते धुळीमुळं, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं.

ते केस दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेत जाणार होते आणि उत्तर यायला आठवडा लागणार होता. माझ्याकडे आठवडा नव्हता. त्या सकाळी पेशी अगदी तळाला टेकल्या होत्या. डॉ. तांबोळींनी नंदकुमार, अण्णा आणि उदाजी तिघांना काचेशी बोलावलं, दोन्हीकडचे फोन मोठ्या आवाजावर ठेवले आणि माझ्या खाटेशी उभं राहून सरळ सांगितलं. औषध आत्ता थांबवलं तर पेशी वाचतील अशी त्यांची जवळजवळ खात्री आहे. पण त्या चुकत असतील आणि हा खरोखरच उठलेला विषाणू असेल, तर तो मेंदूत जाईल आणि मग त्यांच्या हातात काही राहणार नाही. औषध चालू ठेवलं तर पेशी संपतील. निर्णय माझा, पण घरच्यांनी समजून घ्यावा.

नंदकुमार म्हणाला, केसांचं उत्तर येईपर्यंत थांबू या. तो घाबरट नाही, पण मला गमावण्याच्या दोन वाटांपैकी एक आपण निवडायची, हे त्याला झेपत नव्हतं. उदाजी भिंतीला टेकून खाली बघत होता. स्वतःच्या पेशींबद्दल काही बोलायचा हक्कच आपल्याला नाही, असं त्याला वाटत असावं. मला बोलायचं होतं, पण खरं सांगते, माझी जीभ उचलत नव्हती. मला भीती वाटत होती.

अण्णांनी रिसीव्हर तोंडासमोर धरला.

“डाक्टरीणबाई, ह्ये जे काय म्हंता ते माझ्यात हाय. नक्की?”

“नक्की आहे.”

“म्हंजे माझ्या बापात हुतं. न्हाईतर माझ्या आईत.”

“दोघांपैकी एकात होतंच.”

“माझा बाप नव्वदाव्या वर्षी गेला. आदल्या दिवशी शेतात हुता. मी सदुसष्टाचा, अजून कुणी यावं आन् पंजा लावावा. मग ह्ये काय करत न्हाई माणसाला. गप पडून ऱ्हातंय.” त्यांनी रिसीव्हर दुसऱ्या हातात घेतला. “बंद करा त्ये औषध. माझ्या पोरीला त्येच मारायला लागलंय.”

स्वतःच्या अंगात काही वाईट असू शकतं, ही गोष्ट अण्णांच्या कल्पनेतच बसत नव्हती. डॉक्टरांनी रात्र रात्र वाचून जे गृहीत धरलं, ते त्यांनी निव्वळ घमेंडीवर धरलं. पण ती घमेंड त्या दिवशी मला पुरली. मी म्हणाले, “बंद करा, डॉक्टर.” नंदकुमारनं डोळे मिटून मान हलवली.

अण्णांच्या बोलण्यातला उरलेला अर्थ त्यांच्या स्वतःच्या ध्यानात आला की नाही, तेव्हा मला सांगता आलं नसतं. ते खुर्चीवर बसून राहिले. त्यांच्यात जे होतं ते घाण नव्हतं, तर उदाजीत जे होतं तेही घाण नव्हतं, कारण ते एकच होतं. एवढा सरळ हिशेब. पण अण्णांना सरळ हिशेब घालायला वेळ लागतो, विशेषतः उत्तर स्वतःच्या विरुद्ध येत असेल तर.

औषध थांबलं. पहिल्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी ताप येतो का म्हणून नर्स दर थोड्या वेळानं कपाळाला हात लावायची, आणि मी गुपचूप शंभरापासून एकापर्यंत उलटे आकडे मोजून मेंदू शाबूत आहे का ते बघायचे. तिसऱ्या दिवशी पेशी वर आल्या. त्यांच्याबरोबर विषाणूचा आकडाही वर आला, आणि तो वाढला म्हणून आनंदानं टाळी वाजवणारी डॉक्टर मी आयुष्यात एकदाच पाहिली. उदाजीला पुन्हा यंत्राला बसवायची वेळ आली नाही.

पुढच्या आठवड्यात केसांचं उत्तर आलं. उदाजीच्या केसांच्या मुळाशी तो होता. अण्णांच्या मिशीच्या मुळाशी होता. माझ्या नखात नव्हता. डॉ. तांबोळींनी व्हरांड्यातच दोघांना ते सांगितलं. मला आतून ऐकू येत नव्हतं, पण त्या एकदा अण्णांकडे आणि एकदा उदाजीकडे बोट दाखवत होत्या. मग त्या हसून निघून गेल्या.

अण्णा तिथंच उभे राहिले. आपल्या मुलाच्या हातांकडे ते बघत होते. इंजेक्शनं आणि यंत्राच्या सुया लागून कोपरांच्या आतल्या बाजूला जे डाग पडले होते, ते अजून पुरते गेले नव्हते. मग ते काचेशी आले आणि त्यांनी फोन उचलला. मीही आतला उचलला.

“पद्मा,” ते म्हणाले, “त्याला सांग...”

आणि थांबले. मी वाट बघत राहिले. तीन पावलांवर उदाजीही वाट बघत उभा होता, नेहमीसारखा, आपल्याला कळलंच नाही असं तोंड करून.  मला वाटलं, आता मी मदत करावी, काय सांगू अण्णा, असं विचारावं. पण का कोण जाणे, मी विचारलं नाही.

अण्णांनी मान वळवली. रिसीव्हर अजून त्यांच्या हातातच होता, म्हणून मला ऐकू आलं.

“उदा, लई दुखलं का रं?”

उदाजीनं वर बघितलं. त्याचे ओठ हलले, पण तो लांब होता, त्याचं उत्तर फोनपर्यंत पोचलं नाही. अण्णांनी “आं?” असं विचारलं, नीट ऐकू यावं म्हणून त्याच्याकडे दोन पावलं गेले, आणि दोरी पुरेना तेव्हा मागं येऊन रिसीव्हर खुंटीला लावून टाकला.

झालं. इकडे मी आत बसलेली, कानाला मुका फोन. बाहेर ते दोघे बोलत होते. आधी उभ्यानं, मग बाकावर बसून. अण्णा बोलले, मग उदाजी बोलला, मग अण्णांनी डोक्यावरची टोपी काढून तोंड पुसलं. दहा वर्षं ज्यांचा शब्द न् शब्द माझ्या तोंडून गेला होता, त्यांचं एक अक्षर मला कळेना. मी काचेवर टकटक केलं. त्यांनी बघितलंसुद्धा नाही. मी रडत होते आणि मला भयंकर राग आला होता, दोन्ही एकदमच.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. माझं रक्त उदाजीचं आहे, म्हणजे अण्णांचंही आहे, आणि ते छान चाललं आहे. अण्णा अजून तालमीत बसतात. उदाजी फडातून गावी आला की तालमीच्या ओट्यावर बापाशेजारी बसतो, आणि माझ्याकडे कुणाचाच निरोप येत नाही. त्या दिवशी बाकावर काय बोललात, हे मी अण्णांना कितीदा विचारलं आहे. उदाजीला वेगळं गाठून विचारलं आहे. दोघेही मान जराशी तिरकी करतात, भुवई उचलतात आणि अगदी एकाच सुरात म्हणतात, “कुठं काय?”